लाखभर फायलींचा साठा आणि उघडता न उघडणारा प्रोग्रॅम: दुखणं कुठे आहे ते शोधायचं कसं?

प्रोग्रॅमच्या चिन्हावर दोनदा क्लिक केलं, पडद्यावर त्याचं नाव झळकलं आणि पुढची पाच मिनिटं काहीच हललं नाही. लग्नाचे फोटो सांभाळणारा स्टुडिओ असो, स्कॅन केलेल्या कागदांचा साठा ठेवणारं कार्यालय असो, की वीस वर्षांचे घरगुती फोटो एकाच डिस्कवर जमवलेलं कुटुंब असो, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्यावर कुणी रॅम वाढवायला सांगतं, कुणी विंडोज नव्याने टाकायला, तर कुणी थेट नवा संगणक घ्यायला. एवढा खर्च आणि खटाटोप करूनही प्रोग्रॅम पुष्कळदा पहिल्यासारखाच रेंगाळतो, कारण उघडताना तो नेमकं काय वाचत बसलेला असतो हे कुणी पाहिलेलंच नसतं.

ते कसं पाहायचं आणि मग काय करायचं, हे इथे क्रमाने सांगतो. संगणकाची जुजबी माहिती पुरेशी आहे. उदाहरणासाठी विंडोज आणि डिजिकॅम हा केडीई समूहाचा मोफत फोटो-व्यवस्थापक घेतला आहे. गाण्यांचा संग्रह, ई-पुस्तकं किंवा कोड लिहिण्याचे प्रोग्रॅम यांनाही हीच पद्धत लागू पडते.

आधी एवढं समजून घ्या

इथे फायलींच्या आकारापेक्षा त्यांची संख्या महत्त्वाची असते. १०० जीबीचा एकच व्हिडिओ फोल्डरमध्ये असेल तर प्रोग्रॅमला त्याचं काही वाटत नाही. पण १० केबीच्या १ लाख फायली म्हणजे जेमतेम १ जीबी, आणि त्या मात्र त्याला गुंतवून ठेवतात. फायलीमागे जे ठरावीक काम असतं, म्हणजे शोधणं, उघडणं, परवानगी तपासणं, तारीख बघणं, बंद करणं, ते फाइल लहान असली तरी तेवढंच असतं आणि ते १ लाख वेळा होतं.

थोडा हिशोब करू. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या साध्या हार्ड डिस्कमध्ये हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद जातात. डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी ८-९ मिलिसेकंद. एका विखुरलेल्या वाचनाला असे साधारण १२ मिलिसेकंद लागले, तर १ लाख वाचनांना १,२०० सेकंद होतात. ही झाली २० मिनिटं. एसएसडीत फिरणारं काही नसतं. तिथे एका वाचनाला ०.१ मिलिसेकंद धरला, तर तेच काम १० सेकंदांत उरकतं. फायली नेटवर्कवरच्या साठवणपेटीत (नॅसमध्ये) असतील आणि प्रत्येक फायलीसाठी १ मिलिसेकंदाच्या तीन फेऱ्या होत असतील, तर ३०० सेकंद, म्हणजे ५ मिनिटं. प्रत्यक्षात शेजारच्या नोंदी एकत्र वाचल्या जातात, एकदा वाचलेलं मेमरीत तात्पुरतं साठवलेलं असतं, त्यामुळे आकडे यापेक्षा कमी येतात. तरी कुठे किती वेळ जाऊ शकतो याचा अंदाज यातून येतो.

आणखी एक फरक लक्षात ठेवा, पुढे तो फार उपयोगी पडेल. फोल्डरमधली नावांची यादी वाचणं वेगळं आणि प्रत्येक फाइल उघडून बघणं वेगळं. लग्नाला कुणाला बोलवायचं ती यादी पाच मिनिटांत वाचून होते, पत्रिका द्यायला घरोघर जायचं तर आठवडा जातो. प्रोग्रॅम नुसती यादी वाचतोय की घरोघर फिरतोय, हे कळलं की निम्मं निदान झालं.

पायरी १: वेळ मोजा, दोनदा

'फार वेळ लागतो' या वाक्यावरून काहीही ठरवता येत नाही, आकडा लागतो. संगणक रीस्टार्ट करा. 'शट डाउन' करून पुन्हा चालू करू नका. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आली, तिच्यामुळे शट डाउनमध्ये विंडोजचा काही भाग तसाच जपून ठेवला जातो आणि मोजणी फसवी होऊ शकते. रीस्टार्ट झाल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, म्हणजे विंडोजची स्वतःची धावपळ संपेल. मग मोबाइलचं स्टॉपवॉच लावून प्रोग्रॅम उघडा आणि वापरण्याजोगा होईपर्यंतचा वेळ लिहून ठेवा. लगेच तो बंद करून पुन्हा उघडा आणि दुसरा वेळ लिहा.

दुसऱ्यांदा तो कितीतरी पटीने लवकर उघडला, तर संशय डिस्ककडे जातो. पहिल्या वेळी वाचलेलं विंडोजने मेमरीत ठेवलं होतं, म्हणून दुसऱ्यांदा डिस्कला त्रास झाला नाही. दोन्ही वेळा जवळपास सारखे आले, तर अडचण प्रोसेसरच्या कामात, डेटाबेसमध्ये (प्रोग्रॅमच्या स्वतःच्या नोंदवहीत) किंवा नेटवर्कची वाट बघण्यात असण्याची शक्यता जास्त.

सुरुवातीच्या चित्राखाली बारीक अक्षरांत काही ओळी येतात का, तेही बघा. बरेच प्रोग्रॅम त्या वेळी काय चाललंय ते तिथे लिहितात. कोणत्या ओळीवर तो अडकतो, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पायरी २: फायली मोजा

मुख्य फोल्डरवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. 'कंटेन्स' या शब्दापुढे फायलींचा आणि फोल्डरांचा आकडा हळूहळू वाढताना दिसेल. तो स्थिरावायलाच खूप वेळ लागला, तर ती डिस्क नुसती यादी द्यायलाही मंद आहे, हे प्रोग्रॅमकडे न बघताच कळलं.

आकडा पाहून पुष्कळांना धक्का बसतो. फोटो ४० हजार असतील असं वाटत असतं आणि फायली निघतात २ लाख. बाकीच्या येतात कुठून? प्रोग्रॅमांनी बनवलेल्या छोट्या प्रतिमा, जुन्या बॅकअपच्या प्रती, रॉ फायलींच्या (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फोटोंच्या) जोडीला माहिती ठेवणाऱ्या एक्सएमपी फायली, फोनच्या बॅकअपमधला कचरा. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर बऱ्याच फोल्डरांत 'ॲट-ईए-डिर' नावाचा उपफोल्डर तयार होतो आणि त्यात छोट्या प्रतिमा साठतात, त्यामुळे फायलींची संख्या गुपचूप वाढत राहते.

गर्दी कुठे आहे ते शोधायला विझट्री हे साधन चांगलं. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फायली ठेवण्याची मांडणी) असलेल्या डिस्कवर प्रत्येक फायलीची साधारण १ केबीची नोंद 'मास्टर फाइल टेबल' नावाच्या एका मोठ्या तक्त्यात असते. विझट्री प्रत्येक फोल्डरात न शिरता सरळ तो तक्ता वाचतं, म्हणून लाखो फायलींची मोजदाद काही सेकंदांत होते. त्यासाठी ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावं लागतं. आकाराऐवजी फायलींच्या संख्येच्या रकान्यावर क्लिक करा, म्हणजे जास्त गर्दीचे फोल्डर वर येतील.

पायरी ३: तोच प्रोग्रॅम रिकाम्या साठ्यावर चालवा

ही पायरी लोक गाळतात. मला मात्र ती सगळ्यांत मोलाची वाटते, कारण ती पाच मिनिटांत वादच मिटवते.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स'खाली जाऊन एक नवा वापरकर्ता तयार करा. त्या खात्यात शिरा आणि प्रोग्रॅम उघडा. नव्या खात्यात त्याच्या जुन्या सेटिंग्ज नसतात, त्यामुळे तो फोटो कुठे आहेत असं विचारेल. त्याला एक रिकामा फोल्डर दाखवा. पहिली ओळख झाल्यावर प्रोग्रॅम बंद करा, पुन्हा उघडा आणि ही दुसरी वेळ मोजा.

तो पटकन उघडला, तर संगणक आणि प्रोग्रॅम दोघेही धडधाकट आहेत, ओझं साठ्याचं आहे. इथेही तो रखडला, तर फायलींच्या मागे लागू नका. दोष प्लगइनमध्ये (प्रोग्रॅमला जोडलेल्या जादा भागांत), अँटिव्हायरसमध्ये किंवा सिस्टीमच्या डिस्कमध्ये शोधा.

हीच चाचणी करायला काही जण मुख्य फोल्डरचं नाव बदलून बघतात. तसं अजिबात करू नका. कॅटलॉग किंवा डेटाबेस ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला मग वाटतं की सगळे फोटो नाहीसे झाले. त्याने नोंदी पुसायला घेतल्या, तर वर्षानुवर्षं लावलेली नावं, तारे आणि टॅग हातचे जातील. कोणताही प्रयोग करण्याआधी प्रोग्रॅम बंद करून त्याच्या डेटाबेसची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. डिजिकॅममध्ये नेहमीची मांडणी असेल तर ती 'डिजिकॅम४ डॉट डीबी' या नावाची फाइल असते. तिच्याशेजारी 'डीबी'ने संपणाऱ्या इतरही फायली दिसतील, त्याही घ्या.

पायरी ४: टास्क मॅनेजरमध्ये कोण घाम गाळतंय ते बघा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडा ठेवूनच तुमचा प्रोग्रॅम सुरू करा आणि 'परफॉर्मन्स'च्या पानावर नजर ठेवा.

डिस्कचा 'ॲक्टिव्ह टाइम' १०० टक्क्यांवर आणि वाचनाचा वेग मात्र सेकंदाला १-२ एमबी, असं दिसलं तर डिस्क इकडून तिकडे धावून दमली आहे. मोठी फाइल वाचताना हीच डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या वरही जाते. एवढी व्यस्त असूनही माल कमी येतोय, याचा अर्थ लहान-लहान विखुरलेली वाचनं चालली आहेत.

प्रोसेसरचा आकडा फसवा असतो. आठ तार्किक प्रोसेसरच्या संगणकात एकच धागा (प्रोग्रॅममधलं एकामागून एक चालणारं काम) जीव तोडून काम करत असला, तरी एकूण वापर साडेबारा टक्केच दिसतो. म्हणून आलेखावर उजवं क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडा. एखादी चौकट सतत वर टेकलेली असेल, तर काम प्रोसेसरपाशी अडलं आहे.

डिस्कही निवांत, प्रोसेसरही निवांत आणि प्रोग्रॅम तरीही थांबलेला. असं असेल तर तो कुणाच्या तरी उत्तराची वाट बघतोय. बहुधा नेटवर्कवरच्या, आता जागेवर नसलेल्या ड्राइव्हची.

'प्रोसेसेस'च्या पानावर 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' ही ओळ तुमच्या प्रोग्रॅमबरोबरच वर चढते का, तेवढं टिपून ठेवा. ती विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसची ओळ आहे.

पायरी ५: प्रोसेस मॉनिटरने प्रत्यक्ष वाचन पकडा

आतापर्यंत जमले ते अंदाज, पुरावा इथे मिळतो. प्रोसेस मॉनिटर हे साधन सिसइंटर्नल्सचं. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा साधनसंच २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतला. ते मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं आणि इन्स्टॉल करावं लागत नाही. दुसऱ्या कुठल्या साइटवरून घेऊ नका.

उघडल्यावर क्षणात हजारो ओळी धावू लागतात, घाबरून जायचं कारण नाही. कंट्रोल-ई दाबून नोंद थांबवा आणि कंट्रोल-एक्स दाबून पडदा साफ करा. मग 'फिल्टर' उघडून अट घाला: प्रोसेसचं नाव तुमच्या प्रोग्रॅमच्या एक्झी (.exe) फायलीचं असावं. फिल्टरच्या मेनूतच 'ड्रॉप फिल्टर्ड इव्हेंट्स'वर खूण करा. ती नसेल तर बाकीच्या सगळ्या प्रोग्रॅमांच्या नोंदीही मागे साठत राहतात आणि मेमरी भरते. आता कंट्रोल-ई दाबून नोंद सुरू करा, प्रोग्रॅम उघडा आणि तो वापरण्याजोगा झाला की पुन्हा कंट्रोल-ई.

ओळी वाचत बसू नका. 'टूल्स'मधलं 'फाइल समरी' उघडा आणि तिथला 'बाय फोल्डर' हा विभाग बघा. कोणत्या फोल्डरवर किती वेळ गेला, किती फायली उघडल्या, किती वाचनं झाली, हे सगळं रकान्यांत मांडलेलं असतं. वेळेच्या रकान्यावर क्लिक केलं की दोषी फोल्डर सगळ्यांत वर येतो.

मूळ नोंदीत क्रियांची नावंही दिसतात. 'क्वेरी डिरेक्टरी' म्हणजे नावांची यादी मागणं. 'क्रिएट फाइल' या नावाने बिचकू नका, इथे तिचा अर्थ फाइल उघडणं एवढाच. 'रीड फाइल' म्हणजे आतला मजकूर वाचणं. यादी मागण्याच्याच ओळी जास्त असतील, तर प्रोग्रॅम वरवर नजर टाकतोय. प्रत्येक फोटोच्या नावापुढे उघडणं-वाचणं-बंद करणं असं त्रिकूट दिसलं, तर तो खरोखर घरोघर फिरतोय, आणि त्याला थांबवल्याशिवाय दुसरा इलाज नाही. दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारे मार्ग दिसले, तर ते नेटवर्कवरचे.

कधी कधी इथे अनपेक्षित गोष्ट सापडते. प्रोग्रॅम फोटोंकडे बघतही नसतो, वेळ जात असतो तो फॉन्टच्या फोल्डरात किंवा स्वतःच्याच जुन्या तात्पुरत्या फायलींच्या ढिगाऱ्यात. डीटीपी करणाऱ्यांच्या संगणकात मराठी फॉन्टांचा मोठा साठा असतो, तिथे ही शक्यता तपासाच.

पायरी ६: उघडतानाची तपासणी बंद करा

साठा वाचण्यात वेळ जातोय हे सिद्ध झालं असेल, तर सगळ्यांत मोठा फरक या एका बदलाने पडतो. डिजिकॅमच्या सेटिंग्जमध्ये 'मिसलेनिअस' विभाग आहे. तिथे सुरुवातीलाच नव्या फोटोंचा शोध घेण्याची खूण असते, आणि तिच्यामुळे उघडायला वेळ लागतो असं त्या ओळीतच लिहिलेलं असतं. ती खूण काढा.

म्हणजे नवे फोटो सापडणारच नाहीत असं नाही. 'टूल्स'मधल्या 'मेंटेनन्स'मध्ये नव्या फोटोंचा शोध हाताने सुरू करता येतो. कार्डवरून फोटो उतरवले की तो चालवा, किंवा दिवसाचं काम संपल्यावर लावून ठेवा. काम तेवढंच राहतं, पण सकाळी ग्राहक समोर बसलेला असताना ते होत नाही.

अलीकडच्या आवृत्त्यांत जलद तपासणीचाही पर्याय आहे. त्यात प्रत्येक फाइल न बघता फोल्डरची बदलाची तारीख बघितली जाते. त्याची मर्यादा मात्र ओळखून असा. फोल्डरात फाइल आली, गेली किंवा तिचं नाव बदललं, की फोल्डरची तारीख बदलते. आधीच असलेला फोटो दुसऱ्या प्रोग्रॅमने जागच्या जागी सुधारून साठवला, तर ती बदलेलच असं नाही, आणि तो बदल या तपासणीतून निसटू शकतो. नवे फोटो शोधायला ती उत्तम आहे. जुन्या फोटोंवर बाहेरच्या प्रोग्रॅमात काम करत असाल, तर अधूनमधून पूर्ण तपासणी चालवावीच लागेल.

इतर प्रोग्रॅमांत अशाच जागा शोधा. 'लायब्ररी', 'वॉच फोल्डर', 'इंडेक्स', 'स्टार्टअप' हे शब्द सेटिंग्जमध्ये कुठे आहेत ते बघा. कोड लिहिण्याचे आणि फोटो बघण्याचे प्रोग्रॅम शेवटचा फोल्डर आपोआप पुन्हा उघडतात. तो फोल्डर प्रचंड असेल, तर बंद करण्याआधी त्यातून बाहेर या किंवा ती सोयच काढून टाका. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये नोड मॉड्यूल्ससारखे हजारो फायलींचे फोल्डर बदलांवरच्या पाळतीतून वगळता येतात. वगळण्याची यादी जिथे असेल, तिथे बॅकअपचे आणि छोट्या प्रतिमांचे फोल्डर आधी टाका.

पायरी ७: अँटिव्हायरस, पण जपून

पायरी ४ मध्ये डिफेंडरची ओळ वर चढलेली दिसली असेल, तरच इकडे या. विंडोज सिक्युरिटीत 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' एकदाच, चाचणीपुरतं बंद करा, इंटरनेट तोडून ठेवा आणि पायरी १ ची मोजणी पुन्हा करा. फरक पडला नाही तर संरक्षण लगेच सुरू करा आणि हा विषय सोडून द्या.

मोठा फरक पडला, तर 'एक्स्क्लूजन्स'मध्ये फक्त जुन्या, बंद झालेल्या फोटोंचा फोल्डर टाका. पूर्ण डी ड्राइव्ह टाकू नका. 'डाउनलोड्स' टाकू नका. लोकांचे पेन ड्राइव्ह जिथे रिकामे करता तो फोल्डर तर मुळीच नको, कारण स्टुडिओत आणि झेरॉक्सच्या दुकानात विषाणू येण्याची तीच मुख्य वाट आहे.

पायरी ८: डेटाबेस एसएसडीवर, फोटो राहू देत जिथे आहेत तिथे

४ टीबीचा साठा एसएसडीवर न्यायला खर्च फार येतो. तशी गरजही नसते. प्रोग्रॅम वारंवार चाळतो तो डेटाबेस आणि छोट्या प्रतिमांचा साठा. तो काही जीबींचा असतो आणि लहानशा एसएसडीवर सहज मावतो. डिजिकॅम बंद करा, त्या फायलींची प्रत एसएसडीवरच्या फोल्डरात ठेवा आणि सेटिंग्जमध्ये 'डेटाबेस'चा नवा मार्ग द्या. जुनी प्रत महिनाभर तरी पुसू नका.

डिजिकॅमचा नेहमीचा डेटाबेस एसक्यूलाइटवर, म्हणजे साध्या फायलींत राहणाऱ्या डेटाबेसवर, चालतो. साठा १ लाख फोटोंच्या पुढे गेला, तर मायएसक्यूएल या वेगळ्या चालणाऱ्या डेटाबेस-सर्व्हरकडे वळावं असं डिजिकॅमच्या मार्गदर्शिकेत सुचवलेलं आहे. नवख्याने लगेच त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. आधी एसएसडी, मग गरज उरली तर मायएसक्यूएल. एसक्यूलाइटची फाइल नेटवर्कवरच्या ड्राइव्हवर मात्र कधीच ठेवू नका. वेग तर जातोच, शिवाय फाइल बिघडण्याचा धोका असतो.

नेटवर्क आणि क्लाउड

प्रोग्रॅमच्या साठ्यांच्या यादीत काढून ठेवलेली पोर्टेबल डिस्क किंवा बंद पडलेल्या नॅसचा मार्ग राहून गेला असेल, तर दर वेळी उत्तराची वाट बघण्यात वेळ जातो. ती नोंद काढून टाकण्याआधी तिच्याशी जोडलेले टॅग जाणार नाहीत ना, हे तपासा. नॅस वापरात असेल तर वायफायऐवजी वायर लावा. इथे दर फायलीमागे फेरी असते, त्यामुळे एका फेरीचा वेळ कमी होणं फार मोलाचं.

वनड्राइव्हमध्ये 'फाइल्स ऑन-डिमांड' सुरू असेल, तर फोल्डरात नावं दिसतात पण फायली ढगातच असतात. नावापुढे ढगाचं चिन्ह असतं. प्रोग्रॅमने अशी फाइल उघडली की ती उतरायला लागते. प्रत्येक फाइल उघडणारा प्रोग्रॅम अशा फोल्डरावर सोडला, तर तो अख्खा साठा इंटरनेटवरून खाली ओढायला घेईल. फोल्डर कायम संगणकावर ठेवा किंवा प्रोग्रॅमच्या यादीतून वगळा, मधला मार्ग नाही. वनड्राइव्ह नीट चालावा म्हणून एका खात्यात ३,००,००० पेक्षा जास्त फायली ठेवू नयेत, अशी मायक्रोसॉफ्टचीच शिफारस आहे.

मग फोल्डर फोडायचे की नाही?

बहुतेक जण सुरुवात इथून करतात, मी हे मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. २ लाख फायलींचा एक फोल्डर फोडून शंभर फोल्डर केले, तरी फायली २ लाखच राहतात. प्रोग्रॅम प्रत्येक फाइल उघडत असेल, तर रविवारभर खपून काहीही मिळणार नाही.

फोडण्याचा खरा फायदा तीन ठिकाणी होतो. पहिला, तारखेवर चालणारी जलद तपासणी. सगळे फोटो एकाच फोल्डरात असतील, तर एक नवा फोटो आला तरी त्या फोल्डरची तारीख बदलते आणि सगळंच पुन्हा बघावं लागतं. वर्ष, महिना आणि समारंभ अशी मांडणी असेल, तर २०१९ च्या फोल्डरात आता काही बदलत नाही आणि प्रोग्रॅम तो सरळ ओलांडून जातो. फोल्डरची तारीख फक्त तिथे थेट असलेल्या फायलींमुळे बदलते, आतल्या फोल्डरांत काय घडलं त्याने नाही. म्हणून नवे फोटो नेहमी नव्या, आतल्या फोल्डरात ठेवायची सवय लावा.

दुसरा फायदा नव्या फायली टाकतानाचा. विंडोज जुन्या प्रोग्रॅमांच्या सोयीसाठी प्रत्येक फायलीला आठ अधिक तीन अक्षरांचं आणखी एक छोटं नाव देऊ शकतं. एका फोल्डरात ३,००,००० किंवा त्याहून जास्त फायली असतील, आणि विशेषतः नावांची पहिली सहा अक्षरं सारखी असतील, तर ही सोय बंद करावी असं मायक्रोसॉफ्टच्या तांत्रिक पुस्तिकेत म्हटलं आहे. कॅमेऱ्याने दिलेली नावं तर सगळी एकाच ठशाची असतात. ती सोय एफएसयूटिल या आज्ञेने बंद होते, पण जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर चालणाऱ्या संगणकावर जाणकाराला विचारूनच ती वापरा.

तिसरा, पोर्टेबल डिस्क. जुन्या फॅट३२ मांडणीत एका फोल्डरात जास्तीत जास्त ६५,५३६ नोंदी मावतात, आणि लांब नावाची एक फाइल अनेक नोंदी खाते. एक्सफॅट या दुसऱ्या मांडणीत नावं ओळीने वाचत जावं लागतं, एनटीएफएससारखी क्रमवार झाडाची रचना नसते. डिस्क फक्त विंडोजवरच वापरणार असाल, तर तिला एनटीएफएस करा. फॉरमॅट केल्यावर आधीचं सगळं जातं, म्हणून आधी प्रत घ्या.

फोटो हलवायचे ते प्रोग्रॅमच्या आतूनच. डिजिकॅममध्ये एका अल्बममधून दुसऱ्यात ओढले की त्यांचे टॅग सोबत जातात. फाइल एक्सप्लोररमधून हलवले तर डेटाबेसला जुनी जागा रिकामी आणि नवी जागा अनोळखी दिसते. एका वेळी एक वर्ष हलवा, तपासा, मग पुढचं.

तरीही अडलं तर

प्रत्येक बदलानंतर पायरी १ ची मोजणी करा आणि एका वेळी एकच बदल करा. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. रॅम वाढवण्याचा विचार, टास्क मॅनेजरमध्ये मेमरी खरोखर काठोकाठ भरलेली दिसली तरच करा.

प्रोग्रॅममध्ये तपासणी बंद करायची सोयच नसेल, तर त्याच्या निर्मात्यांना लिहा. नुसतं 'स्लो आहे' असं लिहिलं तर ते काही करू शकत नाहीत. विंडोजची आणि प्रोग्रॅमची आवृत्ती, फायलींची आणि फोल्डरांची संख्या, साठा कोणत्या प्रकारच्या डिस्कवर आहे, रीस्टार्टनंतरचा पहिला वेळ आणि लगेचचा दुसरा वेळ, रिकाम्या खात्यातला वेळ, आणि प्रोसेस मॉनिटरच्या फाइल समरीचं चित्र, एवढं जोडा. चित्र पाठवण्याआधी त्यात ग्राहकांच्या नावांचे फोल्डर दिसत असतील तर ते झाका.